दोन सशांची जोडी जमवताना: इंदूरच्या घरांतून वारंवार येणारे प्रश्न

रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, ससे पाळणाऱ्या घरांतली तक्रार बहुतेक एकच असते: एकाला सोबत म्हणून दुसरा आणला आणि आता दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेत. या भांडणामागे जवळजवळ नेहमी दोन कारणं सापडतात. नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसतं आणि ओळख घाईत करून दिलेली असते. खालची बरीचशी उत्तरं या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

घरात आम्ही सहा माणसं आहोत. सशाला एकटं वाटायला वेळच कुठे मिळतो? तरी दुसरा आणायचा?

जमत असेल तर जरूर आणा. ससा सगळ्यात जास्त जागा असतो तो पहाटे आणि संध्याकाळनंतर. पहाटे आपण झोपलेले असतो, संध्याकाळी स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास चालू असतो. शिवाय पाळीव ससा हा युरोपातल्या, मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या रानसशाचा वंशज. ती जात बिळांच्या वसाहतीत घोळक्याने राहते. एकमेकांचे डोळे, कान, कपाळ चाटून स्वच्छ करणं, धोका दिसला की पाय आपटून दुसऱ्याला सावध करणं, अंगाला अंग लावून झोपणं या गोष्टी त्याला दुसऱ्या सशाकडूनच मिळू शकतात. माणूस कितीही प्रेमळ असला तरी ही सोबत त्याच्याकडून होत नाही.

मात्र ससे आठ-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगतात. दोघांचा दवाखाना, दोघांची जागा आणि जोडी जमेपर्यंतचे आठवडे हे सगळं घरातल्या मोठ्यांना पेलणार असेल तरच आणा. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून दुसरा ससा आणू नका.

शेतात सापडलेल्या सशाच्या पिल्लाशी जोडी जमेल का?

नाही. माळव्यातल्या शेतांत दिसणारा ससा वेगळ्या जातीचा आहे. तो बीळ खणत नाही, एकटा राहतो आणि पाळीव सशाशी त्याची जोडी लागत नाही. तो वन्यप्राणी असल्यामुळे त्याला घरी ठेवणं कायद्यानेही चालत नाही. पिल्लू दिसलं तर ते होतं तिथेच राहू द्या, कारण आई दिवसभर लांब राहते आणि दूध पाजायला तेवढी येते.

एकाच दुकानातून, एकाच वेताची दोन पिल्लं आणली. रोज मिठी मारून झोपतात. जोडी जमलीच ना?

अजून नाही. लहानपणी सगळीच पिल्लं एकत्र झोपतात. साडेतीन-चार महिन्यांची झाली की वयात येतात आणि मग एखाद्या सकाळी पिंजऱ्यात केसांचे पुंजके आणि रक्त दिसतं. भाऊ-भाऊ, बहीण-बहीण असण्याचा तेव्हा काही उपयोग होत नाही. भाऊ-बहीण असले तर प्रश्न आणखी मोठा, कारण सशांना नातं कळत नाही आणि चार महिन्यांची मादी गाभण राहू शकते.

दुकानदाराने ‘दोन्ही मादी आहेत’ असं सांगितलं असेल तर त्यावर विसंबू नका. लहान पिल्लांत नर-मादी ओळखणं अनुभवी माणसालाही कठीण जातं. तिसऱ्या महिन्यानंतर डॉक्टरांकडून तपासून घ्या. तोपर्यंत शंका असेल तर मध्ये जाळी लावून वेगळं ठेवा, म्हणजे एकमेकांना दिसतील पण पोहोचणार नाहीत.

ऑपरेशन खरंच लागतं का? जीव लहान आहे, भीती वाटते.

ही भीती खरी आहे आणि घरोघरी असते. तरीही माझं उत्तर स्पष्ट आहे: दोघांचंही ऑपरेशन झाल्याशिवाय जोडी जमवायला घेऊ नका.

हिशोब असा आहे. सशाची गर्भधारणा साधारण ३१ दिवसांची. मादीला ठरावीक माज नसतो. नराशी संग झाला की त्यानंतर बीज सुटतं, त्यामुळे ती जवळजवळ केव्हाही गाभण राहते. पिल्लं झाल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे दोघांना एकत्र ठेवलं तर एकीकडे वेत दूध पितंय आणि दुसरीकडे पुढचं पोटात वाढतंय, अशी त्या मादीची दशा होते. पिल्लं वाटायला मग नातेवाईक पुरत नाहीत.

दुसरं कारण तब्येतीचं. ऑपरेशन न झालेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात दिसतो, विशेषतः चार वर्षांनंतर. ‘ती एकटीच आहे, तिला कशाला?’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आणि तिसरं कारण स्वभावाचं. हद्दीवर लघवी उडवणं, अंगावर धावून जाणं, सतत चढणं यामागे संप्रेरकांचा जोर असतो. तो ओसरला की दोघांना एकमेकांकडे शांतपणे पाहता येतं.

नराचं ऑपरेशन साधारण चार महिन्यांनंतर होतं, मादीचं पाच-सहा महिन्यांनंतर. एक गोष्ट बरेच जण विसरतात: ऑपरेशननंतरही नर चार ते सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो. तेवढे दिवस तो ऑपरेशन न झालेल्या मादीजवळ जाता कामा नये. मादीची जखम दोन आठवड्यांत भरते, पण संप्रेरकं शांत व्हायला महिना-दीड महिना लागतो. भेटीगाठी त्यानंतरच सुरू करा.

इंदूरमध्ये ऑपरेशन कुठे करावं? डॉक्टरांना काय विचारावं?

कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर पुष्कळ आहेत, पण सशाची भूल वेगळी असते. म्हणून संकोच न करता विचारा: सशांची, त्यातही मादीची ऑपरेशनं तुम्ही नियमित करता का? भूल गॅसची देता का? नंतर दुखणं कमी करणारं औषध किती दिवस देता? डॉक्टरांनी ‘आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा’ असं सांगितलं तर दुसरे डॉक्टर शोधा. ससा ओकू शकत नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवायची गरज नसते, आणि पोट रिकामं राहिलं तर त्याची आतडी मंदावतात. हे जिवावर बेतू शकतं.

महूला शासकीय पशुचिकित्सा महाविद्यालय आहे. शहरात कोणी सापडलं नाही तर तिथे फोन करून चौकशी करा.

घरी आणल्यावर तो खातो का आणि लेंड्या टाकतो का, याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. दहा-बारा तास काही खाल्लं नाही तर रात्र असली तरी डॉक्टरांना गाठा.

कोणाची जोडी कोणाशी चांगली जमते?

ऑपरेशन झालेला नर आणि ऑपरेशन झालेली मादी ही सगळ्यात सोपी जोडी. नर-नर आणि मादी-मादी जमतात, पण त्यांना वेळ जास्त लागतो. वय आणि अंगाने फार तफावत नसलेली बरी, तरी स्वभाव जास्त महत्त्वाचा. दोघंही दांडगे असले तर कठीण जातं.

गिनी पिग चालेल का?

नको. सशाच्या एका लाथेने त्याचं हाड मोडू शकतं, काही जंतू सशाला त्रास देत नाहीत पण गिनी पिगला आजारी पाडतात, आणि दोघांचा आहारही वेगळा.

नवा ससा आजच आणला. पहिल्या दिवशी काय करायचं?

समोरासमोर आणायचं नाही, एवढंच. नव्याला वेगळ्या खोलीत दोन आठवडे ठेवा. खरूज, सर्दी, जंत काही असेल तर तेवढ्यात कळतं.

त्यानंतर दोघांचे पिंजरे किंवा कुंपणं शेजारी-शेजारी ठेवा, मध्ये तीन-चार बोटांचं अंतर सोडून. जाळीला जाळी लावली तर नाकं आणि ओठ फाटतात. आता खरं काम वासाचं आहे. सशाच्या हनुवटीखाली गंधग्रंथी असते. तो जिथे हनुवटी घासतो ती जागा त्याची. म्हणून रोज दोघांच्या शू-लेंड्यांच्या ट्रेची अदलाबदल करा. काही दिवसांनी खेळण्यांची, अंथरलेल्या कापडाची, आणि शेवटी पिंजऱ्यांचीच. सुरुवातीला रागावतील, पाय आपटतील, ट्रे भरभरून लेंड्या टाकतील. जाळीच्या दोन बाजूंना, एकमेकांकडे पाठ करून का होईना, निवांत पसरून झोपायला लागले की पुढच्या पायरीला हरकत नाही. याला आठवडा लागेल, कोणाला महिना लागेल.

जेवण जाळीजवळ, एकाच वेळी द्या. समोरचा दिसला की कोथिंबीर मिळते, ही गाठ दोघांच्या मनात बसली पाहिजे.

पहिली समोरासमोर भेट कुठे आणि कशी घ्यायची?

जिथे दोघांपैकी एकाचीही पावलं कधी पडलेली नाहीत अशा जागी. न्हाणीघर, गच्चीवरची खोली, शेजारच्या काकूंचा व्हरांडा, काहीही चालेल. आमच्याकडच्या फरश्या गुळगुळीत असतात आणि पाय घसरला की ससा घाबरतो, घाबरला की चावतो. म्हणून जाड सतरंजी आधी अंथरा. ती दोघांनाही अनोळखी हवी.

जागा फार लहान नको की कोंडल्यासारखं वाटेल, फार मोठी नको की पाठलाग रंगेल. चार बाय सहा फूट सुरुवातीला पुरे. गवताचे दोन ढीग ठेवा, पाण्याची दोन भांडी ठेवा. लपायला खोका द्यायचा तर त्याला दोन दारं कापा, कारण एकच दार असलं तर आतला कोंडीत सापडतो. हातात जाड मोजे घाला आणि जवळ केर भरायची सुपली किंवा जाड टॉवेल असू द्या. भांडणात उघडा हात घातलात तर चावा तुम्हाला बसेल.

पहिली भेट दहा-पंधरा मिनिटांची. त्यात काहीच घडलं नाही, दोघांनी एकमेकांकडे दुर्लक्ष करून आपापलं अंग चाटलं, तर ती उत्तम भेट. लोक नेमके इथे निराश होतात. त्यांना पहिल्याच दिवशी गळाभेट हवी असते. सशांच्या जगात समोरच्याकडे पाठ करून गवत खाणं हा मोठा विश्वास आहे. सगळं शांत असतानाच भेट संपवा आणि रोज थोडी वाढवत न्या: अर्धा तास, तास, अर्धा दिवस.

एक दुसऱ्यावर चढतोय, केस ओढतोय. लगेच वेगळं करायचं?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ऑपरेशननंतरही चढणं चालू राहतं आणि मादीसुद्धा चढते. इथे वर कोण आणि खाली कोण हे ठरत असतं. खालचा निमूट बसला किंवा पळून गेला तर काही सेकंद चालू द्या, मग हलक्या हाताने बाजूला करा. थोडा पाठलाग, पाठीवरचे चार-दोन केस उपटले जाणं, नाकाने ढोसणं हेही बोलणीच आहेत. त्यातला प्रत्येक प्रसंग तुम्ही मोडत राहिलात तर निकाल कधी लागतच नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

एक अपवाद कायम लक्षात ठेवा. ससा उलटा होऊन दुसऱ्याच्या तोंडावर चढला तर तत्क्षणी उतरवा. खालच्याने चावा घेतला तर नाजूक जागी गंभीर जखम होते.

आणि मान खाली घालून दुसऱ्याच्या हनुवटीखाली डोकं सरकवणारा ससा शरण आलाय असं वाटतं, ते सहसा उलट असतं. तो ‘मला चाट’ असा हुकूम सोडत असतो. दोघंही डोकं खाली घालून अडून बसले आणि कोणीच चाटेना, तर चिडून चावा निघू शकतो. अशा वेळी तुम्हीच दोघांची कपाळं एकदम कुरवाळा. पिकलेल्या केळ्याचा पुसटसा लेप कपाळावर लावला तर दुसरा चाटू लागतो आणि अडलेली बोलणी पुढे सरकतात. नखाएवढंच केळं, सशाच्या पोटाला साखर सोसत नाही.

मग खरं भांडण कसं ओळखायचं?

शेपटी ताठ वर, कान पाठीला चिकटलेले, अंग आखडलेलं, घशातून गुरगुर, पुढचे पंजे मारणं. इथेच मध्ये पडायचं, मध्ये सुपली घालून. पुढची पायरी म्हणजे दोघं एकमेकांना धरून गोल गोल भिरभिरतात. त्यात कातडी फाटते, कान फाटतात, डोळा जाऊ शकतो. लगेच टॉवेल टाकून वेगळं करा, त्या दिवसाची भेट बंद, आणि पुढचे काही दिवस पुन्हा जाळीतूनच.

वेगळं केल्यावर केस बाजूला करून पूर्ण अंग तपासा. सशाचा चावा वरून टाचणीएवढा दिसतो आणि आत गाठ धरतो. त्याचा पू घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. मिठाच्या कोमट पाण्याने, म्हणजे सलाइनने, पुसून डॉक्टरांना दाखवा. घरातलं उरलेलं औषध मुळीच देऊ नका: माणसांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरून तो दगावू शकतो.

कोणी म्हणतं दोघांना एका खोक्यात घालून गाडीतून फिरवा, घाबरले की चिकटून बसतात.

बसतात, कारण भेदरलेले असतात. त्याला मैत्री समजू नका. गाडी थांबली की भांडण तिथूनच पुढे सुरू होतं, आणि त्या ताणाने खाणं बंद पडलं तर पोट बिघडतं. अंगावर पाणी मारणं, ओरडणं हेही करू नका. दुसरा ससा म्हणजे शिक्षा, एवढंच त्यातून त्यांना कळतं.

एकूण किती दिवस लागतात?

कधी आठवडा, कधी तीन-चार महिने. सशांना तुमचं कॅलेंडर कळत नाही, पण इंदूरच्या हवेचं कॅलेंडर तुम्ही पाळा. दिवाळीचे फटाके संपल्यापासून होळीच्या आधीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो आणि तिशीच्या पुढे त्याचे हाल सुरू होतात. त्यात पाठलाग आणि झटापट म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. भेटी चालूच असतील तर पहाटे घ्या. कोरड्या उन्हाळ्यात कूलर छान चालतो, पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याचा उपयोग होत नाही, तेव्हा पंखा आणि मोकळी हवा हवी. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवता ना? दोन ठेवा, नाहीतर तिच्यावरून जुंपेल. कान तापून लाल झाले, लाळ गळायला लागली, ससा लोळागोळा होऊन पडला तर कान साध्या गार पाण्याने ओले करत थेट दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

रंगपंचमीची गेर आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या या मिरवणुका, लग्नातले डीजे या दिवसांत नवी पायरी चढू नका. राजवाड्याजवळ राहणाऱ्यांनी तर त्या दिवशी भेटच ठेवू नये. आवाजाने बिथरलेला ससा शेजारच्यावर राग काढतो.

जोडी जमली हे कधी म्हणायचं?

सलग दोन दिवस आणि दोन रात्री, तुमच्या देखरेखीखाली, त्याच अनोळखी जागेत दोघं पाठलाग-चावा न करता राहिले, एकाच ढिगातून खाल्लं, एकमेकांना चाटलं, अंगाला अंग लावून झोपले, की म्हणायचं. मग कायमचं घर तयार करा. पाण्यात व्हिनेगर घालून सगळं धुवा, सामानाची मांडणी बदला, शक्यतो नवा ट्रे आणा, म्हणजे जागेवर कोणाचा जुना हक्क राहणार नाही. दोघांसाठी १० बाय ६ फूट जागा कायम मोकळी असावी असं सांगितलं जातं. फ्लॅटमध्ये हे अवघड आहे, पण पिंजऱ्याचं दार काढून टाकून बाल्कनीलगतची अर्धी खोली कुंपणाने दिली तर जमतं.

दोघांना मिळून काय खायला द्यायचं?

आहाराचा मोठा भाग गवत. बाहेरून येणारं टिमोथी नावाचं वाळलेलं गवत महाग पडतं, पण ओटचं वाळलेलं गवत आणि रोजची ताजी दूर्वा दोन्ही चांगली. देवळाबाहेर मिळणारी दूर्वा नीट धुऊन द्या. रजका म्हणजे लसूणघास फक्त वाढत्या पिल्लांना. मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, जास्वंदीची पानं आवडीने खातात. पोहे, सेव, पोळी, बिस्किट काहीही नको, पाहुण्यांनी कितीही कौतुकाने पुढे केलं तरी.

एकालाच दवाखान्यात न्यायचंय. दुसऱ्याला घरी ठेवलं तर?

दोघांनाही न्या, एकाच पेटीतून. एकटा जाऊन आलेल्याच्या अंगाला दवाखान्याचा वास लागतो आणि घरचा त्याला परका समजून हल्ला करतो. वर्षानुवर्षांच्या जोड्या या एका कारणाने मोडतात. भरती करावं लागलं तर सोबतीलाही शेजारी ठेवू देता का, विचारा.

जमलेली जोडी अचानक भांडायला लागली.

आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. दात वाढले, पोट दुखतंय, सांधे धरलेत, असं काही असलं की ससा जवळच्यालाही जवळ येऊ देत नाही. तब्येत ठीक निघाली तर घरात काही बदललंय का पाहा: बाहेरून मांजर येतं का, खिडकीतून दुसरा ससा दिसतो का, ट्रे हलवलात का.

अजिबातच जमलं नाही तर नव्याला परत करायचं?

जागा असेल तर दोघांना जाळीच्या दोन बाजूंना कायमचं ठेवा. बघण्याची, वासाची सोबत त्यातही मिळते आणि काही जोड्या वर्षभराने तिथूनच जमतात. देऊन टाकायचाच झाला तर ओळखीच्या घरी द्या, आणि ऑपरेशन करूनच द्या. बागेत किंवा शेतात सोडून देऊ नका. कुत्री-मांजरं आणि ऊन यांच्यापुढे पाळीव ससा टिकत नाही.

दोघांपैकी एक गेला. मागे राहिलेल्याचं काय करू?

गेलेल्याला लगेच उचलू नका. मागे राहिलेल्याला त्याच्याजवळ काही वेळ बसू द्या. तो हुंगेल, चाटेल, कधी ढोसेल, आणि मग स्वतःहून बाजूला होईल. ज्यांना हे मिळत नाही ते ससे बरेच दिवस घरभर शोधत फिरतात. त्यानंतर त्याचं खाणं रोज मोजूनमापून पाहा. दुःखात खाणं सुटतं आणि सशाला तेवढी सवड नसते. नवा सोबती आणायचा असेल तर तो खायला-फिरायला लागल्यावर आणा, आणि पुन्हा जाळीपासूनच सुरुवात करा. आधीच्या जोडीचा अनुभव असला तरी नव्यासाठी तो चालत नाही.